कुडावरचा हिशोब

(सिद्धगडच्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ म्हसा येथे २ जानेवारी रोजी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण आज सकाळी सिद्धगडावर माथा टेकवून आले आहेत. कुणाच्या पायाला अजून तिथली माती असेल. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे त्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. भाई तेव्हा अवघे ३० वर्षांचे होते. माथेरानच्या न्हाव्याच्या घरातला मुलगा वकील झाला, तिथल्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला आणि सगळं सोडून डोंगरात शिरला. मुंबईच्या गिरण्यांची वीज तोडायला त्यांच्या दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, हे आपण पोरांना सांगतो. पण भाईंनी आणखी एक काम केलं होतं. ते मला जास्त बोचतं. त्यांनी कर्जत भागात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली होती. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की माणूस ज्याच्या दारात जायचा, त्याच्या दारात त्याला जावं लागू नये म्हणून.

ते दार आमचं होतं. म्हणजे आमच्यासारख्या धान्याच्या व्यापाऱ्यांचं. माझे आजोबा त्याच धंद्यात होते. त्यामुळे या व्याख्यानमालेचं बोलावणं आलं तेव्हा मी आठवडाभर उत्तर दिलं नाही. आयोजक म्हणाले, तुम्ही या भागातले जुने उद्योजक, तुम्ही कातकऱ्यांच्या हक्कांचे मोर्चे डोळ्यांनी पाहिलेत, त्यावर बोला. मी त्यांना सांगितलं, पाहिले हे खरं, पण मी ते फळ्यांच्या फटीतून पाहिले. ते म्हणाले, मग तेच सांगा.

मोर्चे काढणाऱ्यांनी आपल्याकडे लिहून ठेवलं आहे. गोदावरीबाई परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ तुम्ही वाचलं असेल. जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद टिटवाळ्याला भरली, इथून फार लांब नाही ते. त्याच वर्षी डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी वेठ नाकारली. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी गेले. हे सगळं लिहिलेलं आहे. पण मोर्चा ज्यांच्या दारावर आला, त्या सावकाराने, त्या ठेकेदाराने, त्या दुकानदाराने काय पाहिलं, रात्री त्यांच्या घरात काय बोलणं झालं, हे कुणी लिहिलेलं नाही. आम्ही गप्प बसलो. आमच्याकडे चोपड्या होत्या, पण त्या दाखवायच्या नसतात. तर आज एक चोपडी उघडतो.

आमचं दुकान म्हशात, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरली की रस्ता बैलांनी भरून जायचा. घाटावरून, कोकणातून जनावरं यायची, घोंगड्यांचे ढीग लागायचे, आमच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची. पण आमचा खरा व्यवहार जत्रेत होत नसे. तो श्रावण-भाद्रपदात, पाऊस कोसळत असताना होत असे. आवणी संपलेली, भात अजून हिरवं, घरात दाणा नाही. अशा दिवसांत कातकरी जोडपी अण्णांकडे येत. अण्णा म्हणजे माझे वडील. दुकानाबरोबर आमच्या दोन वीटभट्ट्या होत्या.

आलेल्या जोडप्याला अण्णा उचल देत. तरण्यांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. उचल म्हणजे आगाऊ पैसे. ते घेतले की दिवाळीनंतर नवरा-बायकोने भट्टीवर यायचं, पोरांसकट. गारा तुडवायचा, साच्यात विटा थापायच्या, वाळल्या की रचायच्या, तूस घालून भट्टी लावायची. राहायला भट्टीशेजारी कुडाचं खोपटं. बाजाराच्या दिवशी खर्ची मिळायची, मीठ-मिरची-तांदळापुरती. खरा हिशोब वैशाखात, पाऊस तोंडावर आला की. हजार विटांना इतके, म्हणून इतकी मजुरी. त्यातून उचल वजा, खर्ची वजा, तूट वजा. उरलं तर हातात द्यायचं. नाही उरलं, तर बाकी पुढच्या वर्षाच्या पानावर ओढायची. ती ओढली की जोडपं पुढच्या वर्षीही आमचंच. दुसऱ्या भट्टीवर गेलं तर मुकादम जाऊन घेऊन यायचा.

ठाणे जिल्ह्यात याची जुनी रूपं होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी या डोंगरी भागाची पाहणी केली आणि हे सगळं अहवालात मांडलं. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगार बंद केली. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला, त्याने अशा मजुरांची देणी रद्दच केली. इतके कायदे झाले आणि आमच्या दुकानात त्यातलं काही पोचलं नाही. अण्णा म्हणायचे, आपण कुणाला बांधून ठेवलंय का? साखळी आहे का पायात? आपला व्यवहार आहे.

माझे वडील दुष्ट नव्हते. हे मी त्यांची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. ते दुष्ट असते तर ही गोष्ट सोपी झाली असती. भट्टीवर कुणाला ताप आला तर ते गोळ्या पाठवत. बाळंतीण झाली तर गूळ-डिंक देत. पोराच्या लग्नात लुगडं देत आणि त्याचे पैसे लिहीत नसत. आपण या लोकांचे आई-बाप आहोत असं त्यांना मनापासून वाटे. आणि हेच आई-बाप वैशाखात हिशोबाला बसले की हजाराला शंभर विटा तूट म्हणून सोडत. अकराशे थापल्या की चोपडीत हजार. अवकाळी पाऊस पडून कच्च्या विटा विरघळल्या तर ते नुकसान थापणाऱ्याचं. दया चोपडीत लिहायची नाही आणि तूट मात्र लिहायची, असा तो धंदा. मी विशीत होतो, कॉमर्सला कल्याणला जात होतो, जमा-खर्च शिकत होतो. हे जमा-खर्चात कुठे बसतं असं मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

दुकानाबाहेर रांजण होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी. त्यावर तांब्या उपडा घातलेला. पण कातकरी आला तर त्याने तांब्याला हात लावायचा नाही. आमचा गडी वरून ओतणार आणि तो ओंजळीने पिणार. मी लहानपणापासून पाहत आलो होतो. पाणी द्यायचं पुण्य आणि तांब्या न द्यायची रीत, दोन्ही एकाच ओट्यावर सुखाने नांदत होती.

आता १९८४ चा मे महिना.

त्याआधी दोन-तीन वर्षं जिल्ह्यात वारं बदललं होतं. वसईत १९८२ मध्ये विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी श्रमजीवी संघटना उभी केली, वेठबिगारांना सोडवायला सुरुवात केली. त्याच वर्षी दिल्लीत आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं म्हणजे वेठच. पोटाची भूकसुद्धा जबरदस्तीच असते, असा त्या निकालाचा अर्थ. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. मजुराकडून वेठ घेतली जाते असं दिसलं की त्यामागे उचल किंवा कर्ज आहे असं धरून चालायचं; तसं नाही हे मालकाने दाखवायचं. हे निकाल मी पुढे वाचले. तेव्हा आम्हाला इतकंच कळत होतं की पलीकडच्या तालुक्यात कातकरी कचेरीत जाऊन मालकाचं नाव सांगू लागलेत.

त्या दिवशी सकाळी मुकादम धावत आला. मोर्चा निघालाय, म्हशावरून मुरबाडच्या कचेरीवर जाणार आहे, आपल्या भट्टीची माणसंही त्यात आहेत. अण्णा गादीवर बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला म्हणाले, “फळ्या लाव.”

जुन्या दुकानांना शटर नसायचं. खाचेत एकेक सागवानी फळी सरकवत जायची. मी फळ्या लावू लागलो. बाजारात दुसरी दुकानंही बंद होत होती. शेवटच्या दोन फळ्या राहिल्या तेव्हा अण्णा म्हणाले, “आणि तो रांजण.” पुढे काही बोलले नाहीत. मी ओट्यावर गेलो. रांजण सकाळीच भरलेला होता. मी तो कलता केला. पाणी ओट्यावरून रस्त्यावर गेलं, धुळीत मुरलं. रांजण उपडा घातला, तांब्या आत आणला आणि उरलेल्या फळ्या लावल्या.

हे मी केलं. अण्णांनी वाक्य पुरं केलं नव्हतं. पुरं मी केलं.

फळ्यांच्या फटीतून मला मोर्चा दिसला. दोनअडीचशे माणसं असतील, निम्म्याहून जास्त बाया. कडेवर पोरं, डोक्यावर पळसाची पानं धरलेली. घोषणा फार नव्हत्या, ऊन इतकं होतं की घसे सुकलेले असणार. मधोमध चार बाया डोक्यावर काहीतरी आडवं धरून येत होत्या. मला आधी वाटलं, तिरडी. कुणी मेलं की काय भट्टीवर, म्हणून छातीत धस्स झालं. जवळ आल्यावर दिसलं, तो कूड होता. खोपट्याची भिंत. कारवीच्या काठ्यांचा, शेणामातीने लिंपलेला, पुरुषभर उंचीचा कूड त्यांनी खोपट्यातून उपसून आणला होता. त्यावर कोळशाच्या उभ्या रेघा होत्या. खूप रेघा, आणि मधेमधे गोल.

पहिल्या बाईला मी ओळखत होतो. आमच्याच भट्टीवर सात-आठ वर्षं येत होती. तिचं नाव मी घेत नाही. तिची नातवंडं आता इथल्याच पाड्यावर आहेत आणि मी त्यांना विचारलेलं नाही. ती ओट्याजवळ आली. कूड खाली टेकवला. उपड्या रांजणाकडे बघितलं, मग ओट्यावरच्या ओलीकडे. ती ओल अजून वाळली नव्हती. तिने वाकून त्या ओल्या जागेवर तळवा ठेवला, तो तोंडावरून फिरवला आणि फळ्यांकडे पाहिलं. मी आत होतो हे तिला ठाऊक होतं का, सांगता येत नाही. मग चौघींनी कूड उचलला आणि त्या गेल्या. मुरबाड तिथून अडीच-तीन तासांची वाट.

दुपारी कचेरीतून निरोप आला, भट्टीची चोपडी घेऊन या. अण्णा म्हणाले, तू जा, तुला इंग्रजी येतं. प्रांतसाहेब मुरबाडला आलेले होते. कचेरीच्या व्हरांड्यात तो कूड भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि बाई त्याच्याशेजारी उकिडवी बसली होती. मी चोपडी टेबलावर ठेवली. साहेबांनी विचारलं, या जोडप्याच्या किती विटा? मी वाचलं, ९१ हजार. तेव्हा ती उठली. कातकरी माणूस साहेबालाही ‘तू’ म्हणतो आणि शेटलाही. त्यांच्या बोलीत ‘तुम्ही’ला जागाच नाही. ती मला म्हणाली, “तुझ्या चोपडीत किती ते तू वाचलंस. आता माझ्या कुडावर किती ते मी वाचते.”

तिने वाचलं. बोट रेघेवर ठेवून, एकेक. शंभर विटांची एक ओळ, अशा दहा ओळी झाल्या की नवऱ्याने हाक मारायची आणि तिने चुलीतला कोळसा घेऊन एक रेघ ओढायची. अमावास्येला काम बंद, त्या दिवशी एक गोल. अवकाळी पाऊस पडला त्या रात्रीचीही खूण होती, रेघांवर आडवा ओढलेला पट्टा, पण त्याखालच्या रेघा तिने पुसलेल्या नव्हत्या. विटा विरघळल्या होत्या, थापण्याचे कष्ट विरघळले नव्हते. ११२ रेघा भरल्या.

साहेबांनी मला विचारलं, फरक कसला? आणि मी कॉमर्सचा विद्यार्थी, मला तोंडी हिशोब लगेच आला. ११२ हजारांना अकराशेने भागलं की १०१ येतात, पुढचे अपुरे सोडून द्यायचे. त्यातून पावसाचे १० गेले की ९१. चोपडी बरोबर होती. एक आकडा चुकलेला नव्हता. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, आणि २१ हजार विटांची मजुरी गेलेली. मी हे सगळं साहेबांना सांगितलं. त्या खोलीत मी पहिल्यांदा आमचा व्यवहार मोठ्याने बोलून दाखवला. तो ऐकू आल्यावर मला कळला.

पुढचं थोडक्यात सांगतो. जबाब झाले, पंचनामे झाले. उचलीची बाकी रद्द झाली, फरकाचे पैसे आम्हाला भरावे लागले. काही जोडप्यांना मुक्तीचे दाखले मिळाले. अण्णा महिनाभर दुकानात कुणाशी धड बोलले नाहीत. जेवताना एकदाच म्हणाले, “मी तिच्या लेकीच्या लग्नाला लुगडं दिलं होतं रे.” त्यांना खरंच कळत नव्हतं की लुगडं देणाऱ्यावर कुणी तक्रार कशी करतं.

हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरातला नव्हता, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचनातून उमगलं. अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचं पोलादाचं शहर आहे. तिथे पूर्वी काळ्या माणसाने गोऱ्यांच्या दुकानातून कपडे विकत घ्यायचे, पण ते तिथे अंगाला लावून बघायचे नाहीत. पैसे द्यायचे, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या टेबलाशी बसायचं नाही. पाण्याचे नळ वेगळे, वर पाट्या लावलेल्या. पाण्याच्या पाट्यांचं वाचताना मला आमचा तांब्या आठवला.

त्या शहरात सिडनी स्मायर नावाचा जमीन-घरांचा मोठा व्यापारी होता, व्यापारी मंडळाचा अध्यक्ष आणि वेगळं ठेवण्याच्या रीतीचा कट्टर समर्थक. मे १९६१ मध्ये तो रोटरीच्या अधिवेशनाला टोकियोला गेला होता. त्याच दिवसांत बर्मिंगहॅमच्या बसस्थानकावर जमावाने बसमधून आलेल्या हक्कांच्या कार्यकर्त्यांना बडवलं आणि त्याचा फोटो जपानी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आला. जगभरचे व्यापारी त्याच्याकडे बघू लागले. तो घरी परतला तो अस्वस्थ होऊन. हृदयपरिवर्तन म्हणावं असं काही झालं नव्हतं. हे असं चालू राहिलं तर शहर बुडेल, इतकं त्याच्या व्यापारी डोक्याला कळलं होतं. १९६३ च्या मे महिन्यात शाळकरी पोरं मोर्चात उतरली, त्यांच्यावर पाण्याचे बंब आणि कुत्रे सोडले गेले, काळ्या गिऱ्हाइकांच्या बहिष्काराने बाजार ओस पडला, तेव्हा गोऱ्या व्यापाऱ्यांच्या बाजूने वाटाघाटी करायला हाच माणूस बसला. १० मे रोजी समझोता झाला. कपडे घालून पाहण्याच्या खोल्या तीन दिवसांत सगळ्यांना खुल्या, नळांवरच्या पाट्या तीस दिवसांत खाली, खाण्याची टेबलं साठ दिवसांत मोकळी.

दुसरा माणूस ए. जी. गॅस्टन. हा काळा उद्योजक, १८९२ चा जन्म. तरुणपणी खाणीत काम करताना सोबत्यांना डबे विकायचा आणि व्याजाने पैसे द्यायचा. पुढे विमा कंपनी काढली, श्रीमंत झाला, मोटेल बांधलं. मार्टिन ल्यूथर किंग बर्मिंगहॅमला येत तेव्हा त्याच मोटेलात उतरत. तरी गॅस्टनला हे मोर्चे, विशेषतः पोरांना रस्त्यावर आणणं, पटत नव्हतं. तो एका गोऱ्या वकिलाशी फोनवर हेच बोलत होता आणि खिडकीबाहेर बंबाच्या पाण्याने एक लहान मुलगी रस्त्यावर गडगडत चाललेली त्याला दिसली. त्याने फोन ठेवून दिला. किंग यांना पुन्हा तुरुंगात टाकलं तेव्हा जामिनाचे पैसे त्यानेच भरले. समझोत्याच्या दुसऱ्या रात्री त्याच्या मोटेलवर बाँब पडला.

या दोघांत मला जवळचा वाटतो तो गॅस्टन, जरी माझी जागा स्मायरची होती. कारण त्याने खिडकीतून पाहिलं आणि पाहिलेलं आपलं मानलं. मीही पाहत होतो, पण मी फळी काढली नाही.

इतकं लांब जायचीही गरज नाही. महाड व्यापाराची पेठ. १९२४ मध्येच नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस तिथले नगराध्यक्ष, तळं खुलं करण्याच्या बाजूचे. तरी मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेला ४० रुपयांचं पाणी विकत आणावं लागलं. २० मार्चला ते तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली तेव्हा महाडच्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचं नाकारलं, बाहेरून शिधा आणावा लागला. मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. तळ्याचा खटला १९३७ पर्यंत उच्च न्यायालयात चालला आणि शेवटी बाबासाहेबांच्या बाजूने लागला. महाडचे ते दुकानदार कोण होते, रात्री घरी जाऊन बायकोला काय म्हणाले, हे आपल्याला माहीत नाही. माझी खात्री आहे, त्यातला एखादा तरी म्हणाला असेल, आपलं त्यांच्याशी वैर नाही, आपला व्यवहार आहे.

व्यापारी बंधूंनो, आज इथे मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतले बरेच जण आहेत. मोर्चा आला की आपण म्हणतो, आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही, आम्ही फक्त दुकान बंद ठेवलं. मी ते बंद दुकान आतून पाहिलं आहे. माल देणं-न देणं, पाणी ठेवणं-ओतून टाकणं, फळी लावणं, यात बाजू घेतलेली असते, आणि ती घेताना आपल्याला हातही थरथरत नाही, कारण आपण रोजचंच काम करत असतो.

उचल संपली आहे असं समजू नका. दिवाळीनंतर या तालुक्यातून आजही टेंपो भरून कातकरी जोडपी भट्ट्यांवर जातात. ठाण्याचे दोन जिल्हे झाले, रस्ते चौपदरी झाले, पैसे मोबाईलवर जाऊ लागले. कातकऱ्यांना सरकारने अतिमागास आदिम जमातींत घातलं आहे, राज्यात अशा तीनच: कातकरी, कोलाम, माडिया गोंड. तरी अनेक पाड्यांखालची जमीन त्यांच्या नावावर नाही, आणि ज्याच्या घराखाली स्वतःची जमीन नाही, तो उचलीला नाही कसा म्हणणार? मी अण्णांनंतर भट्ट्या बंद केल्या, सिमेंटचे ब्लॉक करतो. आमच्याकडे दोन वह्या असतात, एक कारखान्याची, एक मजुराच्या हातात, आणि रोज संध्याकाळी दोन्हींत एकाच वेळी आकडा पडतो. त्यातही पहिल्या वर्षी मुकादमाने मजुरांच्या वह्या “सांभाळायला” आपल्याकडे घेऊन ठेवल्या होत्या. मला ते तीन महिन्यांनी कळलं. आता मी स्वतः जाऊन बघतो, वही कुणाच्या पिशवीत आहे ते.

तो कूड बरेच दिवस कचेरीच्या व्हरांड्यात पडून होता. पाऊस सुरू झाला, वळचणीचं पाणी लागून लिंपण सुटलं, रेघा गेल्या, शेवटी काठ्या कुणीतरी जळणाला नेल्या. मी समजत होतो की ते वाचन तिथेच संपलं.

अण्णा २००३ मध्ये गेले. तेराव्यानंतर जुन्या चोपड्या काढल्या, दर वर्षी लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहिलेल्या. १९८४ ची उघडली. त्या जोडप्याचं पान सापडलं. ९१ च्या आकड्यावर अण्णांनी शाईने एक रेघ मारली होती आणि खाली ११२ लिहिलं होतं. ते कचेरीच्या हुकुमाने लिहावंच लागलं असणार. पण पानाच्या समासात पेन्सिलीने, वरून खालपर्यंत, बारीक उभ्या रेघा होत्या. मधेमधे गोल. आणि एके ठिकाणी आडवा पट्टा, खालच्या रेघा न पुसता. मी मोजल्या. कुडावरची खूण जशीच्या तशी. कचेरीत जाऊन, व्हरांड्यात त्या कुडासमोर बसून उतरवल्याशिवाय ती तशी आली नसती. ते कधी गेले, एकटेच गेले का, तिथे ती बाई होती का, मला त्यांनी कधी सांगितलं नाही. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

चोपडी मी आज आणली आहे. सभा संपली की या टेबलावर ठेवतो. त्या पानात लाल दोरा घातला आहे आणि नावावर कागद चिकटवला आहे. ज्यांना मोजून बघायचं असेल त्यांनी मोजावं. पेन्सिल पुसट झाली आहे, दिव्याजवळ धरावं लागेल.